उलट्या : शून्य

दाढ दुखली तर दाढेवर बोट ठेवता येतं. डोकं दुखलं तर कपाळ की मागचा भाग, ते सांगता येतं. पण मळमळतंय म्हणणाऱ्याला "नक्की कुठं?" असं विचारून बघा. हात आधी पोटावर जातो, मग छातीवर, मग घशाशी येऊन घुटमळतो, आणि शेवटी माणूस वैतागून म्हणतो, "सगळीकडेच!" तोंडाला पाणी सुटलेलं असतं, हातापायाला गार घाम फुटलेला असतो, चेहरा उतरलेला असतो, पण समोरच्याला यातलं फारसं काही दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त एक गप्प बसलेला, काहीसा तुसडा माणूस.

उलटीचं तसं नाही. ती झाली की सगळ्यांना कळते. लोक धावाधाव करतात, पाणी आणतात, पाठीवरून हात फिरवतात. उलटी होऊन गेल्यावर घटकाभर का होईना, बरंही वाटतं. मळमळीच्या वाट्याला ना धावाधाव येते ना ती सुटका.

मला लहानपणापासून गाडी लागते, त्यामुळे या दोघींची माझी जुनी ओळख आहे. गेल्या काही वर्षांत आत्याच्या आजारपणामुळे उलटीच्या औषधांबद्दल बरंच वाचावं लागलं, आणि वाचता वाचता एक गोष्ट मनात पक्की होत गेली. उलटीवर औषधांनी मोठी मजल मारली आहे, पण मळमळ मात्र मागे राहून गेली. आणि ती मागे राहण्याचं एक कारण अगदी साधं आहे : उलट्या मोजता येतात.

आधी मुळाशी जाऊ. मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, उलटीचा सगळा कारभार चालतो. श्वास रोखणं, पोटाचे स्नायू आवळणं, जठराचं वरचं तोंड सैल करणं, हे सगळं ठरलेल्या क्रमाने घडवून आणणारी मज्जापेशींची जाळी तिथे असते. या चौकात चार दिशांनी रस्ते येऊन मिळतात. एक पोटातून. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींना विषारी काही जाणवलं की त्या सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून निरोप वर जातो. दुसरा रक्तातून. मेंदूत एरिया पोस्ट्रेमा नावाचा एक चिमुकला भाग आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एरवी जी कडेकोट भिंत असते, ती नेमकी इथे पातळ आहे, म्हणून रक्तात काय फिरतंय ते या भागाला थेट कळतं. तिसरा रस्ता आतल्या कानातून, जिथे तोल सांभाळणारी यंत्रणा असते. आणि चौथा वरून, म्हणजे मेंदूच्या त्या भागांतून जिथे वास, आठवणी, भीती आणि किळस राहतात.

प्रत्येक रस्त्यावरचे निरोपे वेगळे. आतड्याकडून येतो तो मुख्यतः सेरोटोनिन, एरिया पोस्ट्रेमात डोपामिन, कानाच्या रस्त्यावर हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन. आपण ज्यांना सरसकट उलटीच्या गोळ्या म्हणतो त्या यातला एखाददुसरा निरोप्या अडवतात, बाकीचे रस्ते उघडेच राहतात. घाटातल्या प्रवासात एकदा शेजारच्या एका सज्जन बाईंनी माझी अवस्था बघून पर्समधून ऑन्डान्सेट्रॉनची पट्टी काढली. "घ्या, अगदी जालीम आहे, आमच्याकडे ऑपरेशननंतर दिली होती." गोळी खरोखरच जालीम आहे, पण पोटाच्या रस्त्यावर. वळणावळणाने कानातून येणाऱ्या मळमळीला ती जवळजवळ ओळखतही नाही. मी आभार मानून खिडकीबाहेर बघत राहिले.

गाडी लागण्याचं शास्त्र मजेशीर आहे. म्हणजे, ज्याला लागत नाही त्याच्यासाठी. डोळे सांगतात की समोरचं पुस्तक स्थिर आहे, कान सांगतो की आपण डोलतोय, आणि मेंदूला अपेक्षित असतं भलतंच काही. या विसंगतीतून त्रास सुरू होतो. चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच माहीत असतं. किंबहुना ते तोच घेत असतो. ज्यांच्या दोन्ही कानांतली तोलाची यंत्रणा निकामी झालेली असते त्यांना कितीही हेलकावे बसले तरी काही होत नाही. सगळ्यात वाईट हेलकावा म्हणजे सेकंदाला ०.२ आवर्तनांच्या आसपासचा, पाच सेकंदांत एकदा वरखाली होणारा. मोठ्या लाटांवरचं जहाज जवळपास याच ठेक्यात डोलतं.

पण डोळे आणि कान यांचं पटलं नाही तर शिक्षा पोटाला का? १९७७ मध्ये मिशेल ट्रीझमन यांनी यावर एक गृहीतक मांडलं. उत्क्रांतीच्या काळात गाड्या नव्हत्या, जहाजं नव्हती. इंद्रियांचा ताळमेळ बिघडायचा तो बहुतेक वेळा काही विषारी पोटात गेल्यामुळे. मग मेंदूने एकच अर्थ काढायला शिकून घेतलं : काहीतरी भलतं खाल्लंय, बाहेर काढा. हे पूर्णपणे सिद्ध झालेलं नाही, पण मला आवडतं. निदान माझा मेंदू मला छळत नसून वाचवायला धडपडतोय, एवढं तरी समाधान.

या त्रासावरचं सगळ्यात जुनं आणि अजूनही सगळ्यात भरवशाचं औषध धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पतींमध्ये सापडतं : स्कोपोलामिन, दुसरं नाव हायोसिन. कानामागे चिकटवायची त्याची चकती १९७९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ती तीन दिवस थोडंथोडं औषध त्वचेतून आत सोडते. तोंडाला कोरड पडते, जवळचं अंधूक दिसतं. चकती लावून झाल्यावर हात न धुता डोळा चोळला तर त्या डोळ्याची बाहुली टप्पोरी होऊन बसते. बोटीवर एका तरुणाची अशी एकच बाहुली मोठी झालेली मी पाहिली आहे. त्याला काही त्रास नव्हता, पण त्याच्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाची नजर एका डोळ्यावरून दुसऱ्यावर जात होती आणि वाक्य अर्ध्यावर तुटत होतं.

दुसरं घराणं ॲलर्जीच्या औषधांचं, आणि त्यांचा या क्षेत्रातला प्रवेश निव्वळ योगायोगाने झाला. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लेस्ली गे आणि पॉल कार्लिनर हे डॉक्टर अंगावर पित्त उठणाऱ्या रुग्णांना एक नवं औषध देऊन बघत होते. त्यातल्या एका बाईंना ट्रामचा प्रवास कधीच सोसत नसे. त्यांनी सांगितलं की गोळी घेऊन निघालं की ट्राममध्ये काहीच होत नाही. अनेक डॉक्टरांनी ही गोष्ट हसून सोडून दिली असती. या दोघांनी त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर न्यूयॉर्कहून जर्मनीला निघालेलं जनरल बॅलू हे सैनिकी जहाज गाठलं. हजाराहून जास्त सैनिक, हिवाळ्यातला अटलांटिक, काहींना खरी गोळी, काहींना नुसती दिखाऊ. डायमेनहायड्रिनेट खरोखर चालतं हे तिथे दिसलं आणि ड्रामामिन या नावाने ते जगभर पोचलं. मला या गोष्टीत त्या दोघा डॉक्टरांइतकंच त्या बाईंचं कौतुक वाटतं. आल्या होत्या पित्तासाठी, विचारलं होतं अंगावरच्या गांधींबद्दल, पण ट्रामबद्दल न विचारता सांगितलं!

प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, सिनारिझिन ही याच गोतावळ्यातली नावं. त्यांनी झोप येते अशी सगळ्यांची तक्रार. मग झोप न आणणारी, ॲलर्जीवरची नवी औषधं का घेऊ नयेत? कारण ती मेंदूत फारशी शिरतच नाहीत, म्हणून तर झोप येत नाही, आणि म्हणूनच गाडी लागण्यावर त्यांचा उपयोगही होत नाही. आणखी एक : ही गोळी निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायची, चकती तर किमान चार तास आधी. ढवळायला लागल्यावर जठराचं काम मंदावतं आणि गोळी तिथेच पडून राहते. हे माहीत असूनही निम्मे प्रवासी "बघू, लागली तर घेऊ" म्हणतात. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो. तेवढ्या लहान मुलांना गाडी सहसा लागतही नाही.

हा त्रास शूरवीरांनाही सोडत नाही. ऑगस्ट १९६१ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव पृथ्वीभोवती फिरत असताना आजारी पडला. अंतराळात हे घडलेला तो पहिला माणूस, वय २५, पेशाने लढाऊ विमानाचा वैमानिक. पुढे अवकाशयानात प्रोमेथाझिनची इंजेक्शनं नेहमीच्या सामानाचा भाग झाली.

गरोदरपणातल्या उलट्यांबद्दल लिहिताना मात्र हसू येत नाही. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं. झोपेची सौम्य, निर्धोक गोळी म्हणून त्याची ख्याती होती आणि दिवस राहिलेल्या बायकांना मळमळीसाठीही ती दिली गेली. नोव्हेंबर १९६१ मध्ये तिथे ती मागे घेतली गेली, पण तिच्यामुळे जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. अमेरिकेत औषध प्रशासनाच्या फ्रान्सिस केल्सी यांनी कंपनीचा तगादा सुरू असताना मंजुरीची सही केली नाही, म्हणून तो देश बराचसा वाचला.

या घटनेची भीती रास्तच होती. पण भीती एकदा मनात बसली की तिला खरंखोटं निवडता येत नाही. डॉक्सिलामिन आणि ब६ जीवनसत्त्व असलेली बेन्डेक्टिन ही गोळी अमेरिकेत १९५६ पासून गरोदर बायका घेत होत्या. तिच्यावर व्यंगांचा आळ आला, खटल्यांमागून खटले झाले. अभ्यासांत दोष सापडला नाही, तरी खटल्यांच्या खर्चाला कंटाळून कंपनीने १९८३ मध्ये ती बंद केली. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच दोन घटकांची गोळी नव्या नावाने त्याच देशात मंजूर झाली. शेजारच्या कॅनडात ती मधली सगळी वर्षं मिळत होती. म्हणजे सीमेच्या अलीकडच्या बाईने गोळी घ्यायची आणि पलीकडच्या बाईने सोसायचं.

सोसायचं, वर बोलणी खायची. पाणीही न टिकणाऱ्या, वजन घटणाऱ्या, सलाइन लावावं लागणाऱ्या बायकांना कित्येक दशकं ऐकवलं गेलं की तुझ्या मनाला हे मूल नकोय. २०२३ मध्ये मार्लिना फेझो, स्टीफन ओ'राहिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की यामागे मोठा हात जीडीएफ१५ नावाच्या संप्रेरकाचा आहे. गर्भ आणि वार ते भरपूर सोडतात. ज्या बाईच्या रक्तात ते एरवी कमी असतं तिला या अचानक वाढीचा तडाखा जास्त बसतो. फेझो यांना स्वतःच्या गरोदरपणात हा आजार इतका झाला होता की त्यांचं मूल वाचलं नाही. मनाला दोष देणाऱ्यांनी हे एकदा तरी वाचावं.

आता आत्याकडे येते. तिला कर्करोगाचं निदान झालं आणि उपचारांत सिस्प्लाटिन होतं. हे औषध अमेरिकेत १९७८ मध्ये मंजूर झालं. काही कर्करोगांचं भवितव्य त्याने बदलून टाकलं, पण उलटी न थांबवता दिलं तर शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांना ती होते. सुरुवातीच्या काळात लोक उपचार अर्धवट टाकून घरी जात. मेटोक्लोप्रमाइडचे चढे डोस देऊन थोडा आराम पडायचा, पण ते डोपामिन अडवतं, आणि डोपामिन स्नायूंच्या हालचालींनाही लागतं. कधी कधी, विशेषतः तरुणांत, मान एका बाजूला वळून घट्ट होते, डोळे वर जाऊन अडकतात. त्यावरचं औषध दिलं की थोड्या वेळात ते उतरतं, पण बघणाऱ्याची पाचावर धारण बसते. म्हणूनच युरोपात २०१३ पासून मेटोक्लोप्रमाइड पाच दिवसांपेक्षा जास्त देऊ नये असं सांगितलं जातं.

नवं औषध शोधायला प्राणी लागतात, आणि प्रयोगशाळेतल्या उंदीर-घुशींना उलटी करताच येत नाही! शरीराची रचनाच तशी नाही. म्हणून हे संशोधन मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेटवर झालं. पुढे जपानी संशोधकांनी चिचुंद्रीवरही प्रयोग केले. तिला हलत्या फळीवर ठेवलं तरी उलटी होते. उंदराला मळमळतं का? विषबाधा झालेला उंदीर माती खायला लागतो, त्यावरून अंदाज बांधतात. उंदीर सांगणार तरी कसं?

ऑन्डान्सेट्रॉन अमेरिकेत १९९१ मध्ये आलं आणि कर्करोगाच्या वॉर्डांचं रूप पालटलं. त्याच्या जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, मग २००३ मध्ये अप्रेपिटंट. हे 'सबस्टन्स पी' नावाच्या निरोप्याला अडवतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणाऱ्या उलट्यांवर उपयोगी पडतं. आत्याला हे तिन्ही मिळालं.

उपचारांच्या दुसऱ्या फेरीच्या वेळी मी तिच्याबरोबर होते. नर्सने फाइल उघडली. "काकू, मागच्या वेळी किती उलट्या झाल्या?"

"एकही नाही."

"अरे वा, छान!" नर्सने रकान्यात शून्य लिहिलं आणि पान उलटलं.

आत्या बाहेर येऊन बाकावर बसली आणि म्हणाली, "पाच दिवस मी न्हाणीघरात गेले की साबणाच्या वासाने जीव नकोसा व्हायचा. नळाचं पाणी वाजलं तरी ढवळायचं. टीव्हीवर कोणी काही चावताना दिसलं की मान फिरवायचे. पण उलटी नाही झाली, ते खरंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तिने उलटीचं विचारलं ना!"

घरी येऊन मी शोधलं तेव्हा कळलं, ही त्या नर्सची चूक नव्हती. या औषधांच्या चाचण्यांत यशाचं जे माप वर्षानुवर्षं वापरलं गेलं, त्याला पूर्ण प्रतिसाद म्हणतात. उलटी झाली नाही आणि जादा औषध मागावं लागलं नाही की प्रतिसाद पूर्ण. मळमळ त्या व्याख्येतच नाही. रुग्ण पाच दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला तरी चाचणीच्या हिशेबात तो बरा. आणि जे माप धरून औषधं निवडली, ती तेच काम उत्तम करणार, यात नवल काय? सेरोटोनिन अडवणारी औषधं उलटी जेवढी थांबवतात तेवढी मळमळ थांबवत नाहीत, हे आता सगळे मान्य करतात.

तिसऱ्या फेरीला आत्याला रुग्णालयाच्या फाटकापाशीच मळमळायला लागलं. सुई टोचायला अजून दोन तास होते. हा चौथा रस्ता, आठवणींचा. इथे ऑन्डान्सेट्रॉन हात टेकतं. चिंता कमी करणाऱ्या गोळ्या थोड्याफार चालतात. खरा उपाय म्हणजे पहिल्याच फेरीत त्रास होऊ न देणं. तिसऱ्या फेरीला हे कळून उपयोग काय! तेव्हा तिला स्पिरिटच्या बोळ्याने आराम पडला. इंजेक्शनआधी हात पुसतात तोच, नाकाजवळ धरून खोल श्वास घ्यायचा. हा घरगुती तोडगा नाही. मळमळ घेऊन तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांवर याच्या रीतसर चाचण्या झाल्या आहेत आणि काही मिनिटांत गुण येतो असं दिसलं आहे. तो का येतो, याचं पक्कं उत्तर कोणाकडे नाही.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना साबणाची गोष्ट सांगितली. त्यांनी ऑलान्झापिन लिहून दिलं. रात्री आत्याचा फोन : "अगं, यातला कागद वाचला मी. स्किझोफ्रेनियाची गोळी आहे ही! डॉक्टरांना वाटतंय मी मनाचं सांगतेय." तिची समजूत घालायला अर्धा तास लागला. गोळी मुळात त्या आजाराचीच, पण ती एकाच वेळी सेरोटोनिन, डोपामिन, हिस्टामिन अशा अनेक निरोप्यांना अडवते. २०१६ मध्ये ३८० रुग्णांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिचं वेगळेपण असं की यशाचं पहिलं माप उलटी नव्हतं, मळमळ होती. पहिल्या दिवशी जराही मळमळ न झालेले ७४ टक्के. ही गोळी न मिळालेल्यांत ४५. पाचही दिवस धरले तर ३७ विरुद्ध २२. फरक ठसठशीत आहे, आणि तरीही शंभरातल्या ६३ जणांना त्या पाच दिवसांत कधी ना कधी मळमळलंच, हेही त्याच आकड्यात आहे.

त्या चाचणीत १० मिलिग्रॅम देत, आणि दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांना गुंगी यायची. पुढे जपानमधल्या चाचणीत ५ मिलिग्रॅम, तीही रात्रीच्या जेवणानंतर, देऊन बघितली आणि तिचाही उपयोग झाला. आत्याला तेवढीच दिली होती. तरी पहिल्या सकाळी ती अकरापर्यंत झोपली आणि उठल्यावर मलाच रागावली.

चौथ्या फेरीला नर्स दुसरी होती. उलट्यांचं विचारून झाल्यावर तिने आपणहून विचारलं, "आणि मळमळ? शून्य ते दहा, किती द्याल?"

आत्याने बराच विचार केला. "सकाळची सांगू की संध्याकाळची?"

"सरासरी सांगा ना, काकू."

"सरासरी होत नाही तिची," आत्या म्हणाली. नर्सने चार लिहिले.